सुनेचा आवाज

नाशिक,
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय फुला,

तुझं पत्र काल पोस्टमनने हातात दिलं आणि जाता जाता विचारलं, "आजी, अजून कोण लिहितं पत्रं?" म्हटलं, माझी मामेबहीण. कोरीटला असते, नंदुरबारजवळ. तिच्या घरी फोन आहे, पण त्यावर बोललेलं ओसरीत बसलेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून ती आपली लिहिते. त्याला काही ते पटलेलं दिसलं नाही.

तुझं अक्षर अजून सारंगखेड्याच्या शाळेतलंच आहे. मी मे महिन्यात कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून मामांकडे यायचे, आपण तापीच्या वाळूत टरबूज फोडायचो, आणि तू म्हणायचीस, "इंग्रजीमा काही बोल ना, हेमा." मी प्रार्थना म्हणून दाखवायचे. तू नदीकडे तोंड करून खिदळायचीस. किती गोड होते ते दिवस.

आता माझं इंग्रजी ऐकायला खूप माणसं आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मोबाइलवर छोटे छोटे पाठ करून यूट्यूबवर टाकायला लागले, हे तुला सांगितलंच होतं. 'हेमामावशींचं इंग्रजी'. बँकेत कसं बोलायचं, डॉक्टरांना काय सांगायचं, लहान मुलांना गोष्ट कशी सांगायची. पाठाच्या शेवटी मी एक काम देते. लोक आपलं बोलणं रेकॉर्ड करून मला पाठवतात, मी ऐकून सुधारते. अकोल्याचे एक रिक्षावाले आहेत, पंढरीनाथ म्हणून, ते प्रवासी खाली उतरला की तिथेच रेकॉर्ड करतात. मागून हॉर्न वाजत असतात.

तुझी सून निशा या सगळ्यांत नेमाची. एक दिवस चुकवत नाही. फेब्रुवारीत नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत तिला पहिलीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा आहे, तो जमला तर जूनपासून नोकरी, हे तिने मला कळवलं. तिचं इंग्रजी पुरेसं आहे, फुला. पुरेशापेक्षा जास्त आहे. पण आवाज कुठे आहे? नुसतं कुजबुजते. आमच्या सिस्टर बर्नडेट सभागृहाच्या अगदी मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, मला इथे ऐकू आलं तरच तू बोललीस. निशाला सांग, हनुवटी वर कर आणि बोल. घाबरण्यासारखं काय आहे?

धर्मेंद्रला आशीर्वाद. इंद्रसिंगभाऊंना नमस्कार.

तुझी,
हेमा

*

कोरीट,
३० सप्टेंबर २०२४

हेमाताईस फुलवंताचा नमस्कार.

पत्र मिळालं. निशाला वाचून दाखवलं. ती मान खाली घालून हसली.

तिचा घसा बसला आहे. इथे यंदा पाऊस लांबला, हवा बरी नाही. तिच्या फोनात ते इंग्रजी शिकवणारं ॲप आहे, तेही सारखं म्हणत असतं, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. ती पुन्हा बोलते. ते पुन्हा तेच म्हणतं. शेवटी तिने ते काढून टाकलं. म्हणाली, "आई, याच्यापेक्षा मावशी बऱ्या, मावशींना ऐकू येतं."

ताई, ही नोकरी तिला लागली पाहिजे. बी.एस्सी. झालेली पोरगी माझ्या घरात येऊन भाकरी थापते, मला बघवत नाही. धर्मेंद्र सुरतेहून महिन्यातून एकदा येतो. त्याची हरकत नाही. पण यांना अजून काही सांगितलेलं नाही. आधी विचारलं तर नाही म्हणणार नाहीत, पण हो पण म्हणणार नाहीत, वर्षभर नुसते ऐकून घेतील. म्हणून ठरवलंय, आधी पाठ होऊ दे, मग सांगू. तू कुणाजवळ बोलू नको.

मिरचीची तोडणी सुरू होईल आता. हात रिकामा नसेल. उशीर झाला तर राग धरू नको.

तुझी,
फुलवंता

*

नाशिक,
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय फुला,

निशासाठी ज्येष्ठमध पाठवते आहे. तोंडात धरून ठेवायला सांग. पण खरं सांगू, हा घसा नाही. घसा बसलेल्याचा आवाज फाटतो, हिचा फाटत नाही, दबतो. हा धीराचा प्रश्न आहे. मी आयुष्यभर मुली शिकवल्या, मला कळतं.

आणि एक गंमत. तिच्यामुळे माझा आजवरचा सगळ्यात गाजलेला पाठ झाला. विषय घेतला, 'येतं, पण तोंड उघडत नाही'. आपल्याकडे किती जण असे असतात बघ. उदाहरण म्हणून निशाचं एक छोटंसं रेकॉर्डिंग ऐकवलं. नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही, काळजी नको. नुसता आवाज. म्हटलं, ऐका, या बाईंना सगळं येतं, पण बोलतात कशा, पोत्यात शिरलेल्या उंदरासारख्या. मागे कुणीतरी काहीतरी कुटतंय, आणि मध्येच एक पुरुष ओरडून विचारतो, आत कोण आहे म्हणून. इतकं नेमकं जुळून आलं होतं की ते मी कापलंच नाही. मलाच हसू आवरलं नाही. मग मी त्याच वाक्यांचा मोठा, मोकळा आवाज कसा काढायचा ते करून दाखवलं.

फुला, लोक किती खूश झाले. खाली लिहितात, मावशी, आमच्या घरातही एक पोत्यातला उंदीर आहे. कुणी तेवढाच तुकडा कापून पुढेही पाठवलाय म्हणे. निशाला म्हणावं, तुझ्यामुळे कितीतरी बायकांना धीर आला.

दिवाळीचा फराळ केलास की कळव. मला तुमच्याकडची ती जाड शेव आठवते.

तुझी,
हेमा

*

नाशिक,
९ डिसेंबर २०२४

प्रिय फुला,

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, तुझं पत्र नाही. निशाचं रेकॉर्डिंगही बरेच दिवस आलेलं नाही. मी तिला दोनदा निरोप टाकला. वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही.

मिरचीची गडबड असेल. सारंगखेड्याची घोड्यांची जत्राही आता तोंडावर आली, तुमच्याकडे पाहुणे उतरत असतील. की मी तिच्या आवाजाबद्दल बोलले ते तिला लागलं? मास्तरणीच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो, हे तिला सांग. फेब्रुवारी लांब नाही. आत्ता सराव सोडला तर कसं होईल?

दोन ओळी लिही.

तुझी,
हेमा

*

कोरीट,
२२ डिसेंबर २०२४

हेमाताई,

लिहू की नको, यात इतके दिवस गेले.

आधी माझं खोटं सांगते. निशाचा घसा बसलेला नव्हता. माझ्या घरात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. तोंडावर पदर असतो ते वेगळं, आवाजही ओसरीत जाऊ द्यायचा नसतो. मीही असंच केलं, माझ्या सासूनेही. निशा लग्न होऊन आली तेव्हापासून यांनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. काही हवं असलं तर ती मला सांगते, मी यांना सांगते. यांना तिला काही सांगायचं असलं तर ते भिंतीकडे बघून बोलतात, ती आतून ऐकते. तुला हे लिहायची मला लाज वाटली. तू तिकडे एवढ्या माणसांना इंग्रजी शिकवणार, आणि मी तुला काय सांगू, की माझी सून तुझा अभ्यास धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मध्ये बसून करते? ती बोलायला लागली की मी दारात खलबत्ता घेऊन लसूण कुटायला बसायचे, आवाज झाकायला. घरात इतकी चटणी झाली की शेजारणी घेईनात.

आता झालं ते सांगते. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी हे मारुतीच्या ओट्यावर बसले होते. आमचे धनसिंगभाऊ, यांचे चुलतभाऊ, मोबाइल घेऊन आले. "दादा, हाई आयक. पोत्यामधला उंदीर." सगळ्यांनी ऐकलं. सगळे हसले. हेही हसले. वर म्हणाले, "कोननी बाई शे रे? घरमा खावाले भेटस का नई तिले?" त्यावर अजून हसले लोक.

मग त्यातून तो आवाज आला. "कोन शे मझार? कोन बोली ऱ्हायनं?"

धनसिंगभाऊ म्हणतात, सगळे यांच्याकडे बघायला लागले. मग कुणीतरी पोरगा म्हणाला, "दादा, हाऊ त तुन्हा आवाज शे."

निशा ते रेकॉर्ड करत होती त्या दिवशी यांनी ओसरीतून हाक मारली होती, ती तशीच त्यात उतरली होती. मी कुटायची थांबले होते पाणी प्यायला, तेवढ्यात.

हे घरी आले. चपला काढल्या नाहीत. खाटेवर बसले. पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मन्ही सूनना आवाज मी आज आयका. गावनासंगे बशीसन आयका."

निशा भिंतीच्या पलीकडेच होती. मी आत गेले, तर तिने इअरफोन गुंडाळून माझ्या हातात दिले आणि हळूच म्हणाली, "आई, आता नको." तेव्हापासून माझ्याशीही हो आणि नाही एवढंच बोलते. नळावर बायका उंदीर म्हणून हाक मारतात, मस्करीच करतात, पण ती आता नळावर जात नाही, पाणी मी भरते. मी यांना नोकरीचं, पाठाचं, सगळं सांगून टाकलं. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. ओट्यावर जायचं त्यांनी सोडलंय.

तू नाव घेतलं नाहीस, हे खरं. पण ताई, आमच्याकडे नाव सगळ्यांना माहीत असतं. झाकून ठेवलेला तो आवाजच होता.

फुलवंता

*

नाशिक,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय फुला,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा तो पाठ काढून टाकला. पण लोकांनी कापून पुढे पाठवलेले तुकडे माझ्या हातात नाहीत. शोधले. काही जणांना विनंती केली. एकाने हसण्याचं चित्र पाठवलं.

मला माहीत नव्हतं असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. मला माहीत होतं. माझी आई सारंगखेड्याची. बाबा खांडबाऱ्याला स्टेशनमास्तर असताना बाबांचे वडील कधी राहायला आले की आई दाराआडून कडी वाजवायची, चहा झाला हे सांगायला. मी ते बघत मोठी झाले. पण आता धर्मेंद्र सुरतेला, घरात इंटरनेट, सून पदवीधर, म्हणजे ते सगळं गेलं असणार असं मी धरून चालले. विचारलं नाही. आणि तू स्पष्ट लिहिलं होतंस की इंद्रसिंगभाऊंना ठाऊक नाही, कुणाजवळ बोलू नको. मी कुणाजवळ बोलले नाही, सगळ्यांना ऐकवलं.

त्यांचा आवाजही मी ओळखला नाही. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा. मला वाटलं शेतावरचा कुणी सालदार असेल.

कॉन्व्हेंटात आम्हाला वर्गातून पाणी प्यायला जायचं तरी हात वर करून परवानगी मागावी लागे. तेवढी साधी गोष्ट, मे आय, ती मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवली. निशाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मला तिचा आवाज माझ्या वर्गातल्या फळ्यासारखा वाटला, हवं ते लिहावं, पुसावं.

मी कोरीटला येते. भाऊंची आणि निशाची समोर येऊन माफी मागते. आणि सगळ्यांदेखत एक पाठ करते, माझं चुकलं असा, ज्यांनी ज्यांनी तो तुकडा पाहिला त्यांच्यासाठी. तू हो म्हणालीस की लगेच.

घरात बसवत नाही. फोन पालथा घालून ठेवलाय.

तुझी,
हेमा

*

कोरीट,
१२ जानेवारी २०२५

मावशींना निशाचा नमस्कार.

आईंनी तुमचं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, याला तूच उत्तर दे.

तुम्ही इथे येऊ नका. तुम्ही आलात की गाव दारात जमेल, उंदराची मास्तरीण आली म्हणून. आणि माफीचा पाठही करू नका. तो लोक पाहतील, मग विचारतील कुठला तुकडा, मग पुन्हा तो तुकडा शोधतील. तुमचं मन हलकं होईल, माझा आवाज अजून एकदा फिरेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मला काय लागलं ते सांगते. मी खरंच पोत्यांमध्ये बसले होते. तुम्ही ते बघितल्यासारखं बोललात. पण ते नाही. गाव हसलं, तेही नाही, गाव कुणालाही हसतं. तुमचे पाठ मी भाकऱ्या करताना एका कानात लावून ऐकायचे. या घरात माझ्याशी दिवसभर मोकळं बोलणारा तेवढा एकच आवाज होता. त्या पाठात माझं बोलणं संपल्यावर तुम्ही हसलात. ते मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. वाटायचं, मी चुकीचं ऐकतेय, या दुसऱ्याच कुणाला हसत असतील.

बापूही हसले होते. परवा ओसरीत बसून भिंतीकडे बघून म्हणाले, "मी बी हासनू त्या दिन. हासाले नको व्हतं." बस्स, एवढंच. पण बापूंना ती मी आहे हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

आता ते रोज दुपारी जेवण झालं की भिंतीला सांगतात, "मी वावरमा जाई ऱ्हायनू. दिन बुडाले येसू." वावरात या दिवसांत दुपारचं काही काम नसतं. आई म्हणतात, बांधावर नुसते बसलेले असतात. मला कळतं ते कशासाठी जातात. घर पूर्ण रिकामं असतं, आईंना लसूण कुटावा लागत नाही. तरी मी तोंड उघडलं की आवाज तेवढाच येतो. मोठा काढायला जाते आणि मलाच ओसरीकडे बघावंसं वाटतं. तुम्ही म्हणाला होतात धीर नाही. आधी होता. पोत्यात बसून बोलायलाही धीर लागतो.

शाळेने फेब्रुवारीची तारीख दिली आहे. जायचं की नाही ते ठरलेलं नाही.

तुमच्याबद्दल राग आहे. तो लपवत नाही. तुम्ही शिकवलेलं मात्र मला येतं, ते मी नाकारत नाही.

निशा

*

नाशिक,
१८ जानेवारी २०२५

चि. निशास,

तू सांगितलंस तसंच करते. येत नाही. पाठही करत नाही. तू म्हणालीस ते खरं आहे. माफीचं मी जे ठरवत होते त्यात मला माझंच तोंड दिसत होतं, डोळ्यांत पाणी आणलेलं. ते किती लोक बघतील, हाही विचार मनात येऊन गेला होता. हे तुला कळवल्याशिवाय राहवेना.

हसले, ते तुला ओळखून हसले.

एक शिकवते, तेवढं शेवटचं, नको असेल तर सोडून दे. हनुवटी वर करून मोठ्याने बोलायचं वगैरे मी जे सांगत होते ते विसर. ते आम्हाला मोठ्या सभागृहात, टाळ्या वाजवायला बसलेल्या पालकांसमोर शिकवलं होतं. तू त्या सभागृहात नाहीस. तुझ्या वर्गात पहिलीची मुलं असतील. त्यांच्याशी जसं बोलावंसं वाटेल तसं बोल.

तू गेलीस की नाही, हे मला कळवलंच पाहिजे असं नाही.

तुझी,
हेमामावशी

*

कोरीट,
२० फेब्रुवारी २०२५

हेमाताईस,

निशाला विचारलं, मावशीला कळवू का? म्हणाली, कळवा. म्हणून लिहिते.

आम्ही गेलो. सकाळी निशा आणि मी रस्त्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, तर हे आमच्या आधीच येऊन उभे. धुतलेलं धोतर, नवी टोपी. कुठे निघालात म्हणून मी विचारलं, "तुम्ही कथा?" म्हणे, "नंदुरबारले काम शे." काम काही नव्हतं. रिक्षात पुढे ड्रायव्हरजवळ बसले, पूर्ण रस्ता मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरच विचारत होता, बापू, आज एवढे नटून कुठे, लग्न जमवायला का. हे म्हणाले, तू गाडी चालव.

शाळेत आम्हा दोघांना बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं. मी एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. वर्गाची खिडकी आमच्या डोक्यामागेच उघडी. आत पहिलीची पोरं, आणि पाठीमागे शाळेच्या मोठ्या बाई आणि अजून दोघी वह्या घेऊन बसलेल्या.

निशाने सुरुवात केली. ताई, काही ऐकू येईना. मला जवळ असून येईना. मोठ्या बाई पाठीमागून म्हणाल्या, "थोडं मोठ्याने, मॅडम." ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. बाई पुन्हा म्हणाल्या. एक पोरगं हसलं. मी पदराचं टोक दातात धरून बसले, म्हटलं संपलं आता.

यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. पण यांना कळलं. गुडघ्यावर हात ठेवून उठले. चपला पायात घालायला लागले. आवाज आपल्यामुळे अडतोय, आपण फाटकाबाहेर जाऊन उभं राहू, असं त्यांच्या मनात होतं, ते मी त्यांच्या पाठीवरून ओळखलं. ते दोन पायऱ्या उतरले.

आणि आतून आवाज आला, "बापू, बसा."

मला आधी कळलंच नाही कुणाचा. ओरडून नाही, आपण घरात एकमेकांना हाक मारतो तसा. मी वळून बघितलं तर निशा खिडकीशी उभी होती. तोंडावर पदर होता, पण ती यांच्याकडेच बघत होती. मोठ्या बाईंना कळेना हे कोण बापू. हे पायरीवर तसेच उभे. मग परत आले, बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत राहिले.

पुढचा सगळा पाठ आम्ही बाहेर बसून ऐकला. तेवढ्याच आवाजात, त्याहून वर नाही, खाली नाही. मला इंग्रजी समजत नाही. पोरं तिच्या मागे म्हणत होती. हे एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. पाठ संपला तेव्हा त्यांच्या मांडीवरची टोपी ओली होती, ती त्यांनी झटकून घातली.

जूनपासून ये म्हणालेत. पहिलीचा वर्ग.

संध्याकाळी धनसिंगभाऊ आले, म्हणाले, "मंग दादा, काय बोलनी उंदीर?" यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ती मन्ही सून शे. नाव शे तिले." भाऊ चहा न घेता गेले. लवकर येतील असं वाटत नाही, त्यांना लागलं असणार. ओट्यावर हे अजूनही जात नाहीत. बायका अजूनही हाक मारतात, पण निशा आता नळावर जाते.

ताई, एक सांगते. पाठ चालू असताना मी फोन काढला होता. तुझ्यासाठी थोडंसं रेकॉर्ड करावं, तुला ऐकून बरं वाटेल, असं मनात आलं. पण आधी विचारावं म्हणून थांबले. पाठ झाल्यावर निशाला विचारलं, बापूंशी तू बोललीस तसं पुन्हा दोन शब्द बोल, मावशीला पाठवते. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत ठेवला. म्हणाली, "त्यांना लिहून कळवा."

तू राग धरू नको. आलाच तर मला सांगू नको.

तुझी,
फुलवंता

*

नाशिक,
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय फुला,

राग आला नाही. तिने बरोबर केलं. तूही विचारलंस ते बरोबर केलंस.

पंढरीनाथ रिक्षावाले निरोप टाकतात, मावशी, पाठ का बंद, तब्येत बरी ना. मी बरी आहे म्हणून कळवलं. पाठ पुन्हा करीन की नाही ठाऊक नाही. लोकांनी विश्वासाने पाठवलेले किती आवाज या फोनात पडून आहेत, ते एकेक करून पुसते आहे. निशाचे सगळ्यात आधी पुसले. ऐकले नाहीत.

तुझं पत्र वाचून झालं आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ते दोन शब्द म्हणून पाहिले. बापू, बसा. हळू म्हटले, मग जरा मोठ्याने. माझ्या तोंडी ते शाळेतल्यासारखे वाटतात, वर्गाला बसा म्हणावं तसे. तिने कसे म्हटले असतील, ते मला येत नाही. मला तिचा एकच आवाज माहीत आहे, तो दबलेला, आणि तो मी सगळ्यांना ऐकवला.

तुझी,
हेमा